देवळाची भुई : वरची नक्षी आणि खालचा मुरूम

(सभामंडपाच्या जमिनीचा निर्णय करण्यासाठी जीर्णोद्धार समितीने बोलावलेल्या सभेत एका स्थापत्य अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिखराचे काम मारुतीरायाच्या कृपेने तडीस गेले. आता प्रश्न आहे तो जमिनीचा. समितीपुढे तीन सूचना आलेल्या आहेत. पहिली अशी की, गाभाऱ्यापासून महाद्वारापर्यंत सरसकट चकचकीत टाइल्स बसवाव्यात. दुसरी, निदान सभामंडपात तरी संगमरवर घालावा. आणि तिसरी, सभामंडपातला जुना कोबा न उखडता त्यावरच मोझॅकचा रंगीत, नक्षीदार थर द्यावा. समितीने मला सांगितले, ‘साहेब, तुम्ही बरे-वाईट समजावून सांगा, निर्णय गाव घेईल.’ तेव्हा मी आज उपदेश करायला उभा नाही. चार गोष्टी उघड करून सांगायला उभा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. देणगी देणाऱ्याला वाटते की आपला पैसा दिसावा. संगमरवरासाठी देणगी मिळते, कळसासाठी मिळते, घंटेसाठी तर माणसे पुढे होऊन देतात. पण ‘माझे पाच हजार रुपये मुरमासाठी घ्या’ असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. आणि मंडळी, जमीन फुटते ती वरच्या नक्षीमुळे नव्हे, खालच्या मुरमामुळे. माझे आजचे सगळे बोलणे या एका वाक्यात आले. पुढचा विस्तार आहे.

आपल्या भागातील जुने धडे

पृष्ठभागावर शोभेचा थर देणे ही काही सिमेंट आल्यावर निघालेली कला नाही. आपल्या भोकरदन तालुक्याच्या पलीकडे सिल्लोड ओलांडले की अजिंठा. तिथली चित्रे पाहायला जगभरातून लोक येतात, पण ती चित्रे कशावर काढली आहेत याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. कारागिरांनी आधी लेण्याची भिंत छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवली. मग माती, दगडाचा बारीक चुरा, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा कोंडा मिसळून गिलावा केला. तो वाळल्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि त्यावर रंग. दीड हजार वर्षांपूर्वीचे ते काम. खडबडीत भिंतीने गिलाव्याला धर दिला, गिलाव्याने चुन्याला धर दिला, चुन्याने रंगाला. एकावर एक, आणि प्रत्येक थर खालच्याला घट्ट धरून.

दुसरे उदाहरण छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा. लांबून पाहणाऱ्याला तो सगळा संगमरवरी वाटतो. प्रत्यक्षात १७ व्या शतकातील त्या इमारतीत संगमरवर थोडा. बाकीचा मोठा भाग आपल्याच काळ्या दगडाचा, आणि त्यावर बारीक घोटलेला गिलावा. संगमरवराचा खर्च परवडला नाही म्हणून कारागीर हिरमुसला नाही. हाताशी होते त्यात त्याने शोभा आणली.

आणि तिसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या सुपुत्राचे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातील जांब गावी झाला. त्यांनी कृष्णाकाठच्या मुलखात जे अकरा मारुती स्थापिले, त्यातला शहापूरचा मारुती ‘चुन्याचा मारुती’ म्हणूनच ओळखला जातो. इ. स. १६४५ च्या सुमारास स्थापन झालेली ती मूर्ती आजही पूजेत आहे. साहित्य साधे असले म्हणून देवपण उणे होत नाही. तयारी मात्र साधी-सोपी करून चालत नाही.

खालची भुई तपासणे

आपले गाव काळ्या रानात आहे. ही माती कापसाला सोन्यासारखी, पण बांधकामाला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा ओतला तर तो दरवर्षी वर-खाली होणार, आणि वर मोझॅक असो की संगमरवर, तडा जाणारच. म्हणून नवीन जमीन करताना काळी माती साधारण दोन-अडीच फूट तरी काढून टाकावी लागते. त्या जागी मुरूम भरायचा, तोही एकदम नव्हे. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस. ट्रॉली रिकामी करून वरून पाय दाबला म्हणजे भरणी झाली, असे समजणाऱ्यांची अंगणे आपण पाहतोच.

सभामंडपात जुना कोबा आहे. तो ठेवायचा की काढायचा, हे कुणाच्या मतावर ठरवू नये, त्यालाच विचारावे. कसे विचारायचे ते सांगतो. चार परीक्षा आहेत, आणि चारही आपले तरुण करू शकतील.

पहिली परीक्षा आवाजाची. हातोडीने किंवा लोखंडी सळईच्या टोकाने हातभर अंतरावर ठोकत जा. भरीव जागा टणटण वाजते, सुटलेली जागा भदभद. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने रेघ ओढा. तेवढा भाग काढावाच लागेल.

दुसरी परीक्षा भेगेची. भेग मेलेली आहे की जिवंत, हे आधी कळले पाहिजे. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. काच फुटली तर भेग जिवंत, म्हणजे खालची जमीन अजून हलते आहे. अशा भेगेवर कितीही भारी थर द्या, ती तुमच्या नक्षीतून वर डोके काढील. तेव्हा आधी खालचा इलाज, मग वरची शोभा.

तिसरी परीक्षा ओलीची. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाखाली घाम दिसला किंवा कोबा काळवंडला, तर जमिनीतून ओल वर येते आहे. तशा जागी पातळ थर टिकत नाहीत.

चौथी परीक्षा तेलाची, आणि ही मारुतीच्या देवळात फार महत्त्वाची. शनिवारचे तेल, शेंदूर, पणत्या, उदबत्तीची राख, यांनी मूर्तीसमोरचा कोबा वर्षानुवर्षे मुरलेला आहे. जमिनीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब जिरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला, तर तेल आहे. धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घेऊन काथ्याच्या ब्रशने पुन्हा पुन्हा घासा. तरीही थेंब बसत असेल, तर तेवढा वरचा पापुद्रा छिन्नीने उतरवा. तेलावर सिमेंट धरत नाही, आणि देवाचे तेल आहे म्हणून ते अपवाद करणार नाही.

या परीक्षा उतरल्या म्हणजे साऱ्या कोब्याला टाचे मारायचे. अजिंठ्याच्या कारागिराने केले तेच. गुळगुळीत पाठीवर नवा थर बसत नाही. काही ठिकाणी टाच्यांऐवजी आम्लाने धुतात. ते करायचेच असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग आम्ल घालावे. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचे. मला विचाराल तर टाचे मारणे बरे. कष्ट जास्त, धोका कमी.

साहित्याची निवड

आता साहित्य. सिमेंट ताजे पाहिजे. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचून घ्या. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचा जोर बराच उतरतो. पोत्यात हात घातला की गार लागले पाहिजे, गुठळी लागता कामा नये. कुणी दान म्हणून गेल्या वर्षीची उरलेली पोती दिली, तर ती नम्रपणे पारावरच्या ओट्याला वापरा. देवळाच्या जमिनीला नको.

वाळू दुधनेची असो, पूर्णेची असो की क्रशरची, तिच्यात माती किती हे पाहावे. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू घाला, वर पाणी ओता, खळखळून हलवा आणि तीन तास ठेवा. खाली वाळू बसते, वर गाळाचा थर. तो थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड दिसला, तर वाळू धुतल्याशिवाय घ्यायची नाही.

मोझॅकसाठी संगमरवराच्या चिप्स लागतात. सबंध मोझॅकची जाडी साधारण ४० मि.मी., म्हणजे दीड इंचाच्या आसपास. त्यातला खालचा बहुतेक भाग साध्या काँक्रीटचा, आणि वरचा थोडाच चिप्सचा. हा वरचा थर किती, ते चिप्सवर ठरते. ४ मि.मी. पर्यंतच्या बारीक चिप्सना ६ मि.मी., ४ ते ७ मि.मी. च्या चिप्सना ९ मि.मी., ७ ते १० मि.मी. च्या चिप्सना १२ मि.मी. यापेक्षा पातळ केला तर घोटाईत चिप्स उखडतात. प्रमाण असे : वजनाने तीन भाग सिमेंटला एक भाग संगमरवराची पूड, आणि या मिश्रणाच्या चार मापांना चिप्सची सात मापे. माप म्हणजे लाकडी पेटी. घमेल्याच्या अंदाजाने रंगाची जमीन करू नये.

रंगाबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण फसगत इथेच होते. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो, आणि तो काही रंगांना खाऊन टाकतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग म्हणजे तांबडा, पिवळा आणि काळा. हे खात्रीचे. आपल्या जुन्या वाड्यांतली लाल जमीन आठवा. पिढ्यान्‌पिढ्या सारवल्यासारखी तुळतुळीत. हिरव्यासाठी क्रोमियमचा ऑक्साइड चालतो, पण महाग. बाजारातला स्वस्त निळा बहुधा टिकत नाही. खात्री करायची असेल तर चिमूटभर रंग ओल्या चुन्यात कालवून आठ दिवस उन्हात ठेवा. फिका पडला, तर तो रंग दुकानदाराला परत. रंगाचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नये. ५० किलोच्या पोत्याला ५ किलो ही शेवटची मर्यादा. रंग जास्त घातला म्हणजे खुलतो असे नाही, सिमेंटच दुबळे होते. आणि सबंध सभामंडपाला लागणारे सिमेंट व रंग एकाच वेळी, कोरडेच, चाळून एकजीव करून पोत्यांत भरून ठेवा. रोज थोडे-थोडे कालवले तर सोमवारची जमीन वेगळी आणि मंगळवारची वेगळी दिसते.

अलीकडे पिशवीत तयार येणारे पॉलिमरचे पातळ थरही मिळतात. दोन-तीन मि.मी. जाडीचे, नुसते पाणी किंवा कंपनीचे द्रावण घालून पसरायचे. आणि सात-आठ मि.मी. चे, ज्यांवर ओले असतानाच दगडाचा किंवा विटेचा ठसा उठवतात. ते वाईट नाहीत. जिथे उंची वाढवायला जागा नाही, दरवाजा अडतो, उंबरा बुडतो, तिथे ते कामाला येतात. पण हे थर जितके पातळ, तितकी खालची भुई निर्दोष लागते. घरधन्याने खाली कसर करून वर असे भारी साहित्य आणले, तर तो पैसा पाण्यात. शिवाय पिशवीवर लिहिलेले पाण्याचे माप मोडायचे नाही. गवंड्याला हात सैल चालावा म्हणून तांब्याभर जास्त पाणी पडते, आणि त्या तांब्याभर पाण्याने थराचा जीव जातो.

कोणत्या जागी काय

आता मुख्य सूचनांकडे येतो. सगळीकडे एकच साहित्य हा विचार मुळातच सोडावा, असे माझे नम्र मत आहे. देवळात जागा-जागेचे काम वेगळे.

गाभारा. तिथला दगड काळा पाषाण, सांध्यांत चुना. त्यावर ना टाइल, ना सिमेंट, ना संगमरवर. हे मी आग्रहाने सांगतो. दगड आणि चुना यांमधून जमिनीची ओल श्वासासारखी बाहेर पडत असते. वरून झाकण घातले की ती ओल भिंतीत चढते, क्षार फुलतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जुना दगड स्वच्छ करावा आणि सांध्यांच्या दर्जा चुन्यानेच भराव्यात. अन्व्याच्या महादेवाचे प्राचीन देऊळ आपल्याच तालुक्यात आहे. त्या दगडावर टाइल बसवलेली कुणाला पाहवेल का? मग आपला गाभारा लहान म्हणून त्याचा मान कमी का? अन्व्यासारखे एखादे देऊळ संरक्षित स्मारक असेल, तर तिथे १९५८ च्या कायद्याने परवानगीशिवाय कामच करता येत नाही. आपले देऊळ त्या यादीत नाही. म्हणजे इथला राखणदार आपणच.

अभिषेकाचे पाणी जाते ती पन्हाळ आणि भोवतालची जागा. इथे दही, लिंबू, पंचामृत पडते. संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आंबट पडले की त्यांची झिलई जाते, पांढरे डाग पडतात. मोझॅकच्या चिप्सही संगमरवराच्याच. म्हणून तेवढ्या जागेत आपला काळा दगडच ठेवावा. त्याला दह्याचे भय नाही.

सभामंडप. इथे मोझॅक शोभेल. ज्यांना संगमरवराची हौस आहे त्यांनाही हे समाधान, की चिप्स संगमरवराच्याच आहेत. जमिनीचे चौकोन दोन चौरस मीटरपेक्षा मोठे करू नयेत; मधे काचेच्या पट्ट्या. खालच्या कोब्यात जिथे सांधा आहे, तिथे वरही सांधा आलाच पाहिजे. नक्षी सांध्याप्रमाणे आखावी, सांधा नक्षीसाठी मोडू नये.

प्रदक्षिणेचा मार्ग आणि अंगण. इथे चकचकीत काहीही नको. पहाटे ओल्या पायांनी म्हाताऱ्या आजी येतात, हळदी-कुंकवाचे पाणी सांडते, नारळाचे पाणी सांडते. पॉलिश केलेल्या ओल्या जमिनीवर पाय सटकला आणि खुबा मोडला, तर त्या घरापुरती तरी आपल्या जीर्णोद्धाराची आठवण कायमची कडू होईल. तिथे साधे काँक्रीट, ओले असताना खराट्याचा हात फिरवलेले, आणि साठ फुटांना एक फूट ढाळ दिलेले. रंग फिका ठेवावा. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि देवळात पाय अनवाणी असतात. गडद लाल अंगण दुपारी बाराला तव्यासारखे तापते. आणि अंगणातला लिंब तोडून तिथे फरशी वाढवण्याचा कुणाचा बेत असेल, तर तो आजच सोडावा. सावलीसारखी थंड फरशी कुठल्याच कारखान्यात होत नाही.

काम आणि वेळ

ओतायच्या आदल्या रात्री कोबा भरपूर भिजवायचा. सकाळी साचलेले पाणी पुसून काढायचे. जमीन ओलसर हवी, डबके नको. मग सिमेंटचे दाट पाणी ब्रशने घासून लावायचे, आणि ते वाळायच्या आत खालचा काँक्रीटचा थर टाकायचा. त्यावर, तो घट्ट झाला पण अजून ओला आहे अशा वेळी, चिप्सचा थर. सात दिवसांनी यंत्राने पहिली घोटाई, जाड दगडाने. मग बारीक छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरून पुन्हा पाणी. त्यानंतर दुसरी आणि तिसरी घोटाई, उत्तरोत्तर बारीक दगडाने, आणि शेवटी ऑक्सॅलिकचे पॉलिश.

पाण्याचा हिशेब आधी करा. हजार चौरस फुटांच्या सभामंडपावर वाफे करून एक इंच पाणी उभे करायचे, तर एका वेळेला सुमारे २३६० लिटर लागते. ते दहा दिवस राखायचे. बारदान अंथरून भिजवले तर कमी पुरते, पण बारदान एक दिवसही वाळता कामा नये. मंडळी, १९७२ च्या दुष्काळात याच गावच्या बायामाणसांनी रस्त्यावर बसून खडी फोडली. २०१२-१३ साली जिल्हाभर टँकर फिरले. ज्या गावाला पाण्याची किंमत अशी कळलेली आहे, त्याने हे काम चैत्रात काढू नये. हनुमान जयंतीच्या आत जमीन व्हावी ही सर्वांची इच्छा आहे, माझीही आहे. पण फाल्गुनात सुरू करून आठ दिवसांत उरका असे म्हणाल, तर मी हात जोडतो. मार्गशीर्ष-पौषात सुरुवात करा. तपासणी, दुरुस्ती, ओतणे, पाणी आणि तीन घोटाया धरून सहा-सात आठवडे लागतील. विहिरीला पाणी असते, हवा गार असते, थर सावकाश आणि घट्ट धरतो. या वर्षी ते जमत नसेल, तर जयंतीचा उत्सव जुन्याच कोब्यावर होऊ द्या. मारुतीराया त्यावर इतकी वर्षे उभा आहे. आणखी एक वर्ष रागावणार नाही.

देणगीदारांना विनंती

शेवटी देणगीदार बंधू-भगिनींना एक विनंती. पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे. संतांचे पाय आपल्याला लागावेत एवढीच त्या महात्म्याची इच्छा. त्या पायरीपुढे आपले नाव किती मोठ्या अक्षरांत कोरायचे, हा प्रश्न आपोआप लहान होतो. समितीने फलकावर सर्वांची नावे लिहावीत, अवश्य लिहावीत. पण माझी सूचना आहे की, ‘संगमरवरासाठी’, ‘नक्षीसाठी’ असे वेगळे खाते न करता ‘भुईसाठी’ असे एकच खाते करावे. मुरूम, धुमस, पाणी, टाचे मारणाऱ्या पोरांची मजुरी, चिप्स आणि रंग, सगळे त्यात. जमा-खर्चाचा कागद दर आठवड्याला पारावर लावावा. कुणाचा पैसा नक्षीत गेला आणि कुणाचा मुरमात, हे देवालाही वेगळे करता येऊ नये.

निर्णय गावाने घ्यायचा आहे. काचेच्या पट्ट्या आणि खडू मी बरोबर आणले आहेत. सभा संपल्यावर ज्या तरुणांना इच्छा असेल त्यांनी थांबावे. हातोडी घेऊन आजच ठोकायला सुरुवात करू. कोबा काय म्हणतो ते ऐकल्यावर मतभेद निम्मे कमी होतील असा माझा अनुभव आहे.



जय बजरंग बली. रामकृष्ण हरी.